सासूबाईंचा आजार

४ जानेवारी
या वर्षी रोजनिशी लिहिणार. माझ्या आजूबाजूची माणसं कुठल्या थराला गेली आहेत, याची कुठेतरी नोंद राहायला हवी. घरात बोलून उपयोग नाही. तिथे मलाच विचारतात की तुम्हाला काय झालंय.

संकल्प: वजन उतरवणे. कोणावरही न चिडणे, लायकी असली तरी. नव्या शाखेचा मॅनेजर होणे. (शेवटचा संकल्प नुसता नावापुरता. मालकांकडे माझ्याशिवाय आहे कोण?)

७ जानेवारी
गाद्यांच्या शोरूममध्ये उभं आयुष्य काढलं की माणसाला माणसाबद्दल प्रेम उरत नाही. आज एक अख्खं कुटुंब आलं आणि सगळ्यात महागड्या गादीवर ओळीने आडवं झालं. मोजे ओले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी डावी कूस बघितली, मग उजवी, मग तोंड उघडं टाकून पंधरा मिनिटं झोपले. उशीवर लाळ. शेवटी खरेदी काय, तर एक अभ्रा. तोही सेलमधला.

दुपारी गोदामात डोळे मिटून स्टॉकचा विचार करत होतो. माझ्या हाताखालचा सेल्समन आत आला. मी त्याला मनातल्या मनात चपळ म्हणतो, कारण तो सतत पळत असतो. पळणाऱ्या माणसांची मला शिसारी आहे. म्हणाला, "सर, घोरताय." मी म्हटलं, विचार करतोय. तर म्हणाला, "विचारांचा आवाज बाहेरपर्यंत येतोय. गिऱ्हाईक विचारतंय, आत मशीन कसलं चालू आहे."

हा फार पुढे जाणार नाही.

१० जानेवारी
कंगव्यात केस. बाथरूमच्या जाळीत केस. उशीवर केस. टाचांना अशा भेगा पडल्यात की चादरीचे दोरे अडकतात. आरशात बघितलं तर चेहरा रात्रभर पाण्यात भिजत घातल्यासारखा. किळस आली. आरसा बदलायला हवा, जुना झालाय.

घरात पंखा चालू आणि मी स्वेटरमध्ये. बायको म्हणाली, डॉक्टरकडे जा. मी म्हटलं, थंडी पडलीय. ती म्हणाली, कोणाला?  तुमच्या सगळ्यांच्या संवेदना बोथट झाल्यात, असं म्हणणार होतो, पण तेवढं लांब वाक्य बोलायचा कंटाळा आला.

१३ जानेवारी
बायकोने शेवटी नेलंच. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसायचं म्हणजे दुसऱ्यांचा खोकला स्वतःच्या फुप्फुसात साठवायचा. डॉक्टरबाईंनी माझी मान चाचपली, पाणी गिळायला लावलं आणि मग थेट विचारलं, पोट साफ होतं का? पहिलीच ओळख! ना हवापाण्याची चौकशी, ना काही. मी म्हटलं, उत्तम होतं. (शेवटचं कधी झालं ते इथेही लिहिणार नाही.)

रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. लॅबमधला रक्त काढणारा शीळ घालत सुई टोचत होता. शीर सापडेना तेव्हा म्हणाला, "साहेब, अंगावर चरबी आलीय जरा." शीळ मात्र थांबवली नाही.

१५ जानेवारी
रिपोर्ट आला. थायरॉइड मंद. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं: गळ्यात एक ग्रंथी असते, सगळ्या शरीराचा वेग ती ठरवते. माझी सुस्तावली आहे. मेंदू तिला हाका मारतोय. त्या हाका म्हणजे टीएसएच. ग्रंथी जितकी ढिम्म, तितका टीएसएच जास्त. चारच्या आसपास किंवा त्याच्या आत असावा. माझा बावीस.

म्हणजे माझ्या शरीरातसुद्धा एक मॅनेजर घसा फोडतोय आणि हाताखालचा माणूस ऐकत नाही. मेंदूबद्दल फार आपुलकी वाटली.

उपाय: एक बारीक पांढरी गोळी. रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहा-कॉफी काही नाही. बहुधा जन्मभर. शिवाय ड जीवनसत्त्व आणि बी ट्वेल्व्हही तळाला गेलंय, त्याच्या वेगळ्या गोळ्या.

बाहेर आल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही गोळी मी पाहिलेली आहे. हीच गोळी सासूबाई घेतात. गेली कित्येक वर्षं. आणि तितकीच वर्षं मी चारचौघांत सांगत आलोय की सासूबाईंना चावी द्यावी लागते, सकाळी गोळी टाकली की दिवसभर चालतात. लोक हसतात. सासूबाईसुद्धा हसतात.

हा बायकांचा आजार आहे. त्यातही सासूबाईंचा. मला होऊच कसा शकतो?

बायको तेव्हा बाहेर गाडी वळवत होती. तिला सांगितलं, व्हिटॅमिन कमी आहेत. अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्याला खोटं म्हणत नाहीत.

१७ जानेवारी
गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत लपवल्या. अडचण एकच. सासूबाई आमच्याकडेच राहतात आणि सगळ्यांच्या आधी उठतात. मी उठलो की माझ्यापुढे दुधाळ कॉफीचा मग हजर. तासभर कॉफी नाकारली तर त्यांना लगेच संशय येईल, त्या या विषयातल्या जुन्या जाणत्या आहेत. म्हणून गोळी कॉफीबरोबरच घेतो. शेवटी पोटात जाण्याशी मतलब. कॉफीतही पाणीच असतं.

२ फेब्रुवारी
फरक शून्य. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की वेळ लागतो. सगळ्याच डॉक्टरांचं हे ठरलेलं वाक्य. गादी मऊ व्हायला वेळ लागतो असं मीही गिऱ्हाइकाला सांगतो. ती मऊ होत नाही, गिऱ्हाईक कडक होतं.

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ. व्यायामशाळेत राहतो म्हटलं तरी चालेल. बिनबाह्यांच्या बनियनवर पाहुणा म्हणून येतो आणि सोफ्यावर घामाचा डाग ठेवून जातो. मी त्याला प्रोटीन म्हणतो. प्रोटीनने माझ्या केसांकडे बघून चुकचुक केलं आणि म्हणाला, "भावोजी, औषधांच्या नादी लागू नका. शरीराला काय हवंय ते द्या, शरीर स्वतः बघून घेतं." पहिल्यांदाच हा माणूस शहाण्यासारखं बोलला.

५ फेब्रुवारी
प्रोटीनने डबे आणून दिले. कॅल्शियम. लोह. माशाचं तेल. आणि केसांसाठी बायोटिन, घोड्याला पुरेल एवढ्या ताकदीचं. डब्यावर एका बाईचे गुडघ्यापर्यंत केस.

पद्धत ठरवली: सगळं एकदम, कॉफीच्या एका घोटात, थायरॉइडच्या गोळीसकट. शिस्त म्हणतात ती हीच.

११ फेब्रुवारी
माशाच्या तेलाची ढेकर नेमकी गिऱ्हाइकासमोर आली. नवं लग्न झालेलं जोडपं होतं, डबलबेडची गादी बघत होतं. बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि विचारलं, "ही गादी आधी कोणी वापरलीय का?" चपळने त्यांना दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि तिथे गादी खपवली. माझं गिऱ्हाईक. माणसं किती खालच्या थराला जातात!

८ मार्च
विजय.

डॉक्टरबाईंनी परत तपासायला सांगितलं होतं, म्हणून लॅबमध्ये जाऊन आलो. (तोच शीळवाला.) टीएसएच बावीसवरून शून्याच्या शेजारी! मेंदूने हाका मारणं बंद केलं. वर हार्मोनच्या आकड्यापुढे वर जाणारा बाण, म्हणजे गरजेपेक्षा जास्त. एवढं हार्मोन तर चोवीस तास पळणाऱ्या चपळकडेही नसेल.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंकडे जायचं होतं. गेलो नाही. स्वतःची हार त्यांनी फी घेऊन ऐकायची, हे मला बरं वाटत नाही.

गोळी बंद. ज्याने बरं वाटलं ते चालू. म्हणजे बायोटिन आणि मंडळी. तसं वाटायला अजून बरं काहीच वाटत नाहीये, पण आकडे खोटं बोलत नाहीत.

९ मार्च
आता लपवायचं कशाला? रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर सगळं जाहीर केलं. मला थायरॉइड होता, मी कोणाला कळूही दिलं नाही आणि व्हिटॅमिनवर पळवून लावला. बायकोचा घास हातातच राहिला. ती मग ताटातलं इकडून तिकडे करत राहिली. तिला माझा अभिमान वाटला असावा, पण तिला तो दाखवता येत नाही.

सासूबाईंनाही मोठ्या मनाने सुचवलं की तुम्हीही ती गोळी सोडा, मी डबे आणून देतो. त्या म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं तुम्ही बघा. मला उद्या उठायचंय."

जुनी माणसं. नवं काही पचत नाही.

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातून फोन येतोय. उचलत नाही. गिऱ्हाईक हातचं गेलं की सगळेच फोन करतात.

२ एप्रिल
एक गोष्ट लक्षात आली आहे. हल्ली सगळे फार भरभर बोलतात. मालक, बायको, बातम्या देणारी बाई. कोणी वाक्य संपवून श्वास घेत नाही. मी पहिल्या वाक्याचं उत्तर तयार करतो तोवर ते चौथ्यावर गेलेले असतात. सबंध समाजाला कसली घाई झालीय कळत नाही.

आवाज घोगरा आणि भारदस्त झालाय. फोनवर मालकांनी मला ओळखलंच नाही. मॅनेजरला शोभेल असा आवाज.

वजन वाढलंय. काटा बिघडलाय. सासूबाई सकाळी त्याच काट्यावर उभ्या राहतात, त्यांनीच बिघडवला असणार.

१४ एप्रिल
जिना चढताना मध्ये थांबलो. मागून सासूबाई हातात सामानाच्या पिशव्या घेऊन वर निघून गेल्या. परत खाली आल्या, माझी पिशवी घेतली आणि पुन्हा वर गेल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. असल्या न बोलण्याचा मला तिटकारा आहे.

बायको म्हणते, डॉक्टरकडे चला. रोज म्हणते. मी रोज रिपोर्ट दाखवतो. आज रिपोर्ट तिने बाजूला सारला आणि म्हणाली, "मला कागद नका दाखवू. मी तुमच्याकडे बघतेय." म्हटलं, तुला लॅबपेक्षा जास्त कळतं का? तिचे डोळे भरून आले. काहीही बोलायची सोय नाही.

१९ एप्रिल
उद्या मालक नव्या शाखेच्या भागीदाराला घेऊन येणार. माझ्या नावाची घोषणा उद्याच, हे उघड आहे. शोरूमची दर्शनी काच मी स्वतः सजवणार. पांढरी गादी, पांढऱ्या उशा, मधोमध एक दिवा. चपळला काचेजवळ फिरकू देणार नाही.

२२ एप्रिल
परवाचा प्रसंग आजच लिहू शकलो. हात जड आहेत.

काचेतल्या गादीवर उशी नीट लावायला म्हणून एक गुडघा टेकला. मग दुसरा. उशी वरून कशी दिसते ते बघितलं, आता आडव्या माणसाला कशी वाटते तेही बघायला हवं, म्हणून क्षणभर टेकलो. यात चूक काहीच नाही. आमच्या धंद्यात याला प्रात्यक्षिक म्हणतात.

जाग आली तेव्हा काचेबाहेर गर्दी. पहिला विचार मनात आला तो असा की प्रदर्शन यशस्वी झालं. मालक, भागीदार, चपळ सगळे माझ्यावर वाकलेले. भागीदाराचा चेहरा पांढराफटक. चपळ माझे तळवे चोळत होता. आणि बायको. ती तिच्या ऑफिसातून आली होती, पायात दोन वेगळ्या चपला. बराच वेळ मला हाका मारत होते म्हणे. मी उठेना. अंग गार पडलं होतं. मालकांना वाटलं मी गेलो.

बायको मला धरून रडत होती. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. मी म्हटलं, अगं, लोक बघतायत. जीभ जाड झालेली, शब्द नीट फुटला नाही. तिला कळला नाही तेच बरं झालं.

मालक म्हणाले, तुम्ही आता घरी आराम करा. भरपगारी रजा. एवढा मान आजवर कोणाला दिलेला नाही.

नव्या शाखेवर चपळ जाणार. हे मला गाडीत बायकोने सांगितलं. हळूहळू बोलली, मला समजावं म्हणून.

२३ एप्रिल
डॉक्टरबाई. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला ऐकला. आणखी उशीर केला असता तर अतिदक्षता विभागात भेटलो असतो, म्हणाल्या. काय काय घेता ते सगळं सांगा. मी सांगायला तोंड उघडलं, तोवर बायकोने पर्समधून पिशवी काढून सगळे डबे टेबलावर ओतले. माशाच्या तेलाचा वास सगळ्या खोलीत.

डॉक्टरबाईंनी बायोटिनचा डबा उचलला आणि विचारलं, "रक्त दिलं तेव्हा हे चालू होतं?" मी म्हटलं, अर्थात, एक दिवसही चुकवलं नाही. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

असं आहे म्हणे. बायोटिन एवढ्या प्रमाणात रक्तात असलं की काही लॅबच्या यंत्रांना फसवतं. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दाखवतं, हार्मोन जास्त. "तुम्ही बरे झालाच नव्हता. फक्त तसं छापून आलं होतं. लॅबकडून रिपोर्ट आमच्याकडेही आला होता, आम्ही फोन करत होतो तो हेच विचारायला."

शिवाय कॉफी, कॅल्शियम आणि लोह गोळीला शरीरात शिरूच देत नाहीत. म्हणजे जी मी घेतली, तीसुद्धा नीट घेतली नव्हती.

गोळी आजपासूनच चालू, आधी थोडी कमी ताकदीची, मग वाढवायची. बायोटिन बंद, आणि ते अंगातून गेल्यावर परत रक्त द्यायचं.

 घरी आल्यावर बायको प्रोटीनला फोनवर जे काही बोलली, ते इथे लिहिता येणार नाही. मला प्रथमच तिचा अभिमान वाटला.

२८ एप्रिल
टीएसएच सत्तरच्या वर. मेंदू आता हाका मारत नाही, टाहो फोडतोय.

आणि एक केस वाढलेला नाही. एकही.

६ मे
सकाळी स्वयंपाकघरात सासूबाई आणि मी. दोघांपुढे पाण्याचे पेले. दोघांच्या गोळ्या. मग तासभर कॉफीशिवाय एकमेकांची तोंडं बघत बसायचं. मी चावीच्या विनोदाची वाट बघत होतो. आज मारतील, उद्या मारतील. त्यांनी मारला नाही. फक्त म्हणाल्या, "पहिला महिना जड जातो. मग हलकं वाटतं. मलाही तेव्हा सगळ्यांचा राग यायचा. तुमचाही."

अजून येतो का, ते मी विचारलं नाही.

२० मे
या आजाराकडे मी उगाच वाईट नजरेने बघत होतो. सखोल विचार केल्यावर लक्षात येतं की माझ्या आयुष्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचं मूळ इथेच आहे. मी बायकोचा वाढदिवस विसरलो: थायरॉइड. शेजाऱ्याला जिन्यात तावातावाने बोललो: थायरॉइड. चपळबद्दल वाईट चिंतलं: शुद्ध थायरॉइड. भांडी घासायची माझी पाळी होती आणि मी घासली नाहीत: हार्मोन.

बायकोला हे समजावलं. तिने विचारलं, "लग्नाच्या आधीपासून होता का?" मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही.

२ जून
मालकांना भेटून आलो. सांगितलं, शाखेचा निर्णय झाला तेव्हा मी नव्हतोच, माझ्या जागी एक मंदावलेली ग्रंथी होती. माणसाला पारखा, ग्रंथीला नको. मालकांना पटलं. चांगला माणूस आहे, त्यांचे तळवे मात्र फार घामट. म्हणाले, चपळ तिकडे नुसता सांभाळतोय असं धरा. रिपोर्ट नॉर्मल येऊ दे, मग आठवडाभर तुम्ही शाखा चालवून दाखवा. जमलं तर तुमची.

आता फक्त रिपोर्ट.

१८ जून
स्वेटर काढला. पोट साफ. आरशातला माणूस ओळखीचा वाटतोय, तितकासा आवडला नाही. लोक परत हळू बोलायला लागलेत.

१० जुलै
टीएसएच अडीच. यावेळी बायोटिन नाही, कॉफी नाही, सगळं नियमाने. खरा आकडा.

डॉक्टरबाई खूश. म्हणाल्या, अगदी हवा तिथे आला, याच मात्रेवर राहा, पुढची तपासणी काही महिन्यांनी. मी म्हटलं, पण डॉक्टर, उरलेलं वजन? चिडचिड? कामाचा कंटाळा? माणसांची शिसारी? ते कधी जाणार? त्यांनी रिपोर्ट पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचला, अगदी प्रामाणिकपणे. मग म्हणाल्या, "थायरॉइडचं होतं ते सगळं गेलं. आता जे उरलंय ते तुमचं."

बायको खिडकीबाहेर बघत होती. खांदे हलत होते. यावेळी रडत नव्हती.

मालकांना फोन केला. सोमवारपासून शाखा माझ्या हातात. शटर मी उघडायचं.

१३ जुलै, सोमवार
गजर वाजला. गोळी घेतली. परत येऊन जरा पडलो. डोकं स्वच्छ. अंग हलकं. थंडी नाही, थकवा नाही, झोपही नाही. छताकडे बघत पडून होतो आणि शटर, चपळने लावलेल्या गाद्या, भागीदाराचे प्रश्न, ओल्या मोज्यांची माणसं, सगळं डोळ्यांसमोर येत होतं. उठावंसंच वाटेना.

मालकांचा फोन आला तेव्हा मी टक्क जागा होतो. ते म्हणाले, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे, चपळने येऊन शटर उघडलं, तुम्ही कुठे आहात? बरं नाहीये का? मी बरं नाहीये म्हणायला तोंड उघडलं. शेजारी बायको उभी होती, दारात सासूबाई. दोघींनी रिपोर्ट वाचलेला आहे.

दुपारी डॉक्टरबाईंना फोन केला. अजून कुठली ग्रंथी तपासायची राहिलीय का, विचारलं.

म्हणाल्या, नाही.